पुसलेल्या टेप

रेडिओवर मुलांकडून पाठ केलेलं बोलून घ्यायचं नाही, हे ताईंनी सुरू केलं. त्याआधी मुलांचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांनी लिहिलेला उपदेश. ताई माईक खाली घेऊन सतरंजीवर बसायच्या आणि विचारायच्या, "आज कोणाशी भांडलास?" मुलं बोलतील ते जसंच्या तसं घरोघरी जायचं. निवृत्तीपर्यंत त्यांनी हेच केलं.

रेडिओ केंद्राच्या सुवर्णमहोत्सवासाठी नव्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"ताई, तुमच्या टेप पुसल्या गेल्यात. टेपची टंचाई होती, त्यांच्यावर पाहुण्यांची भाषणं घेतली. पण काळजी नको. नाटकातली चार चुणचुणीत मुलं आणलीत, संवादही लिहून दिलेत. तुम्ही फक्त पूर्वीसारखं विचारा. जुनं रेकॉर्डिंग म्हणून लावू."

ताईंचा पारा चढला.

"भाषणं शाबूत आहेत?"

"अगदी सगळी."

"मग तीच लावा. आणि ती कुणाचे आवाज पुसून ठेवलीत, तेही सांगा."

"अहो, ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"तेव्हा माझ्याशी बोललेल्या मुलांना कळेल. आज ती तुमच्याच वयाची आहेत."

"पण ताई, तुमच्या नावाची जाहिरात झालीय!"

"मग ती मागे घ्या," ताई उठत म्हणाल्या. "नाहीतर मी वर्तमानपत्रात जाते."