रिमोटमामांचं दोन शब्दांचं उत्तर

समजा, तुमच्यासमोर टीव्ही नाही, फक्त तक्रार आहे: ‘नुसतं चक्र फिरतंय, काही लागत नाही.’ घर अनोळखी, माणूस अनोळखी. आता सांगा बरं, दोष इंटरनेटचा, ॲपचा की टीव्हीचा?

पाणीपुरवठ्याच्या टाकीवरचे एक पंपचालक सहा वर्षं हे काम फुकट करताहेत. स्मार्ट टीव्हीवाल्यांच्या एका वेबसाइटवर सगळे त्यांना रिमोटमामा म्हणतात. पंप सुरू केला की टाकी भरेपर्यंत तासभर मोकळा. तेवढ्यात मोबाइलवरून चार-पाच टीव्ही बरे होतात. आधी मामांचे तीन प्रश्न ठरलेले: मॉडेल कोणतं? शेवटचं अपडेट कधी? काही रेकॉर्ड करून ठेवलंय का?

“आपल्या टीव्हीचा एक स्पीकर चार महिने मुका आहे,” बायको म्हणते. “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!”

“अगं, तूही तक्रार टाक की. नंबर लागेल.”

गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी एका बाईंनी तीच चक्राची तक्रार लिहिली. मामा प्रश्न टाइप करणार, तोच टाकी भरल्याची घंटा वाजली. त्यांनी घाईत ‘फॅक्टरी रिसेट’ एवढंच लिहिलं आणि पंप बंद करायला धावले.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला: ‘मामा, टीव्ही सुरू झाला. पण आईची मुलाखत उघडत नाही. टीव्हीवर एकदाच लागली होती, तेव्हा रेकॉर्ड केली होती. डिस्कवर नाव दिसतंय फक्त. आई आता नाहीये.’

टीव्ही रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, पण कुलूप घालून. चावी त्याच्याच पोटात असते. रिसेटनं टीव्ही नव्यासारखा कोरा होतो; तीही पुसली गेली होती.

‘जाऊ द्या मामा, चुकतो माणूस,’ कुणीतरी लिहिलं. मामांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

सहा वर्षांत पहिल्यांदाच मामांनी तिथे स्वतःचा प्रश्न टाकला: पुसलेली चावी परत मिळते का? दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याचं उत्तर आलं: ‘टीव्हीच्या आतल्या बोर्डावर कधीकधी जुन्या चावीची प्रत उरते. खात्री देत नाही. पण डिस्क जशीच्या तशी हवी.’

मामा क्षणभर सुखावले. मग आठवलं, रिसेटनंतर हा टीव्ही जुन्या डिस्कवरची नावं दाखवतो, पण ती डिस्क आपली मानत नाही. ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो, आणि खुणेची चौकट आधीपासूनच ‘हो’वर असते. नुसतं ओके दाबलं की डिस्क कोरी, संपलं.

त्यांनी लगेच बाईंना लिहिलं. नऊ दिवस झाले.

“आलं का उत्तर?” ताट वाढताना बायकोनं विचारलं. आज टोमणा नव्हता.

मामांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर त्यांची शेवटची ओळ तशीच होती:

‘ताई, टीव्हीनं फॉरमॅटचं विचारलं, तेव्हा तुम्ही काय दाबलंत?’