बाबूजींच्या गावाचा नकाशा

सालवडला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत तांब्याच्या तारांच्या कारखान्यात काम करणारा एक राजस्थानी मुलगा बायकोसह राहतो. त्याची आई वारली तेव्हा तो वडिलांना, म्हणजे बाबूजींना, इकडे घेऊन आला. सीमेजवळच्या वाळवंटी गावात तांबं वितळवायच्या भट्टीवर त्यांचा जन्म गेलेला. भट्टी बंद पडली, कामगारांची वसाहत ओस पडली, तरी बाबूजींचं एकच पालुपद, मला गाडीत बसवून द्या. पिशवी दाराशी भरलेली. तिकडे त्यांना घोटभर पाणी द्यायलाही कुणी उरलं नव्हतं, म्हणून सून रडकुंडीला आलेली.

त्यात माझं माहेर समुद्रकाठच्या घिवलीचं. भाऊ बोंबील आणून देणार, मी ते गच्चीवर वाळत घालणार आणि वारा फिरला की वासानं बाबूजींची खिडकी धाडकन बंद.

तरी मला गप्प बसवेना. कागदावर तरी त्यांना गाव दिसावं म्हणून शोधलं, तर नेटवर त्यांच्या गावाचा जुना सर्व्हेचा नकाशा सापडला, तो झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून आणला. नवरा म्हणाला, "हा बगून तर ते जातीलच. तुला कशाला पायजे नसती उठाठेव?"

बाबूजींनी नकाशा पलंगावर पसरला. भट्टी सापडली, विहीर सापडली, वाळूच्या टेकड्यांच्या तपकिरी रेघा सापडल्या. वसाहत मात्र नव्हतीच, नकाशा तिच्या आधीचा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी खजील झाले.

त्यांनी पेन मागितलं. कोऱ्या जागेत घरांची रांग काढली, एका घरापुढे कडुनिंब काढला.

"यहाँ बैठती थी वो," म्हणाले आणि रडायला लागले. बायको गेल्यापासून ते एकदाही रडले नव्हते, असं सुनेनं नंतर सांगितलं.

मग काही दिवस गाडीचं नाव नाही. एका सकाळी मी बोंबलाची टोपली घेऊन गच्चीवर निघाले, तर जिन्यात बाबूजी उभे. म्हटलं, आज वासावरून ऐकावं लागणार.

"बेटी, इधर का नक्शा भी ला दो."

आणला. त्या जुन्या नकाशात सालवड म्हणजे चार ठिपके आणि भातशेती, आमची चाळ त्यात कुठून असणार? बाबूजींनी पेन काढलं. आपली खोली काढली, शेजारी माझी, वर गच्ची, गच्चीवर दोरी आणि दोरीला लोंबणारे बोंबील.

सुनेनं त्याच दिवशी पिशवी रिकामी केली. खिडकी अजूनही धाडकन बंद होते, आणि तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं.