नदीकाठची सोळा घरं

लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या घरात मी चौदा महिने राहिले. घरमालकाला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही आणि मलाही तो आवडला नाही. तो नव्वदीला टेकलेला लात्व्हियन म्हातारा होता, काठीसारखा ताठ, बायको वारलेली. त्याच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली होती. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसत्या कडा दिसायच्या. मी नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली, एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. वरची खोली माझी, खालचं सगळं त्याचं, आणि किचन मला फक्त संध्याकाळी सहा ते सात.

दुसऱ्याच आठवड्यात मी बोंबील परतले. सकाळी फ्रिजवर हातभर अक्षरांत कागद चिकटवलेला: वासाचं अन्न या घरात चालणार नाही. हाच माणूस रोज नाश्त्याला धुरावलेल्या माशांचा डबा उघडायचा. मी कागदाचे दोन तुकडे केले आणि ते त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने हात फिरवून ते चाचपले, आणि त्या रात्रीपासून माझ्या खोलीचं हीटिंग नऊलाच बंद व्हायला लागलं.

त्याची मुलगी दर शनिवारी ईलिंगहून यायची. साठीची, दमलेली बाई. एका शनिवारी तिने मला जिन्यात गाठलं.

"बाबांना त्यांच्या गावाचा इतिहास लिहायचाय. इंग्लिशमध्ये, नातवंडांसाठी. आता डोळ्यांमुळे लिहिता येत नाही. तू टाइप करून देशील का?"

"किचन पूर्ण संध्याकाळ मिळणार असेल तर देते," मी म्हटलं. "आणि हीटिंग."

ती खाली गेली. बराच वेळ दोघांची त्यांच्या भाषेत वादावादी ऐकू आली. मग ती वर येऊन "ओके" म्हणाली.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि तो खिडकीकडे तोंड करून सांगायचा. सांगायचा मात्र छान, हे मला मान्य करावं लागेल. त्याचं गाव एका लहानशा नदीवर, समुद्रापासून काही तासांच्या वाटेवर होतं. जंगलातली लाकडं ओंडक्यांचे तराफे करून पाण्यातून खाली जायची. पूल नव्हता, दोराने ओढायची नाव होती. वसंतात बर्फ फुटायचा तेव्हा तोफा उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि गावातली झाडून सगळी माणसं काठावर जमायची. शरदात वामेसारखा एक लांबोडा मासा पकडायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. जर्मन जमीनदार, त्यांचे वाडे जाळणारे शेतकरी, पहिलं महायुद्ध, मग वीस वर्षांचं स्वतःचं राज्य, असं एकेक प्रकरण पुढे सरकत गेलं. मी एखादा शब्द चुकले तर तो टेबलावर बोट आपटायचा. "इंग्लिश येत नाही तर बँकेत करतेस काय?" म्हणायचा. मी मुद्दाम जोरजोरात टाइप करायची.

पाचव्या की सहाव्या रविवारी त्याने एक जुना नकाशा बाहेर काढला. त्याच्या बापाने हाताने काढलेला होता. नदीकाठचा रस्ता, त्यावरची घरं, प्रत्येक घराला नंबर.

"खाली यादी आहे. वाच एकेक. मी सांगतो कोण राहायचं."

एक नंबर चांभार. दोन नंबर नावाडी. अकरा नंबरला दाई. मी "बारा" म्हटलं तर तो म्हणाला, "आता अठ्ठावीस."

"मध्ये सोळा घरं आहेत."

"अठ्ठावीस."

"यादीत नावं नाहीत, पण घरं काढलेली आहेत. कोण राहायचं तिथे?"

"व्यापारी. गेले."

"कुठे गेले?"

"टाइप कर. तुला प्रश्न विचारायला बसवलेलं नाही."

मी अठ्ठावीस टाइप केलं. पण रात्री खोलीत आधीची पानं उघडून बसले. तिसऱ्या प्रकरणात तो आईबापांबरोबर पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहत होता. चौथ्यात, तो सहा वर्षांचा असताना, कुटुंब नदीकाठच्या मोठ्या घरात होतं. तिथे पियानो होता, आणि "आमच्यात कुणालाच वाजवता येत नव्हता" असं त्यानेच हसत हसत सांगितलं होतं. मीही हसून टाइप केलं होतं.

मला शोधायला वेळ लागला नाही. इंटरनेटवर त्या गावाविषयी चार ओळी होत्या. नदीकाठी ज्यू कुटुंबं राहायची. १९४१ मध्ये जर्मन आले त्याच उन्हाळ्यात त्यांना जंगलात नेऊन मारलं, आणि हे करण्यात गावचीच काही माणसं होती.

मला इतका संताप आला त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. आमचं गाव नागपूरपासून दोन तासांवर. तिथल्या शाळेने एकदा स्मरणिका काढली होती, तिच्यात गावाचा चाळीस पानी इतिहास होता. देवळं, विहिरी, पाटलाच्या सात पिढ्या. आमच्या बौद्ध वस्तीबद्दल एकच ओळ होती: नाल्यापलीकडे इतर वस्ती आहे. माझे वडील त्याच शाळेत एकवीस वर्षं मास्तर होते. त्यांनी ती स्मरणिका चहाच्या भांड्याखाली वापरली, बोलले काही नाहीत. ते बोलले नाहीत याचाही राग माझ्यात होता, आणि आता समोर हा म्हातारा आयता सापडला होता.

पुढच्या रविवारी मी चौथ्या प्रकरणात तीन वाक्यं घातली. चोरून घातली असती तर त्याला कळलंही नसतं. पण मला त्याचं तोंड बघायचं होतं. मी मोठ्याने वाचलं:

"बारा ते सत्तावीस या घरांत ज्यू कुटुंबं राहत होती. जर्मन आले त्या उन्हाळ्यात त्यांना जंगलात नेऊन मारण्यात आलं. त्यानंतर आम्ही त्यांतल्या एका घरात राहायला गेलो."

त्याने टेबलावर बोट आपटलं. मग म्हणाला, "काढ."

"खोटं आहे का?"

"तुला काय कळतं? आधी रशियन आले, माझ्या काकाला रात्रीतून उचलून सायबेरियात नेलं. ते लिही ना!"

"ते लिहिलंय. अख्खं पान आहे. मी टाइप केलंय."

"मी सहा वर्षांचा होतो!"

"तुम्ही सहा वर्षांचे होतात. तुमचे वडील किती वर्षांचे होते?"

त्याने नकाशा ओढून घेतला. तो कडेला फाटला. "माझ्या देशात राहायला जागा दिली तुला, माझ्या घरात—"

"हा देश तुमचाही नाही," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण बोलले.

"महिन्याभरात खोली खाली कर."

शनिवारी मुलगी आली. मी तिला जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईने सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मग?"

"मग काय? ते म्हातारे आहेत. माझे वडील आहेत. तू टाइप करायचं कबूल केलंस आणि न्यायाधीश होऊन बसलीस." तिचे डोळे भरले होते, पण माझ्यावरच्या रागाने. "पोलिसात होते आजोबा. पुढे काही विचारू नकोस मला."

तो महिना आम्ही एका घरात न बोलता काढला. हीटिंग अर्थातच बंद झालं. मी कोट घालून झोपायची, आणि रोज बोंबील करायची, भूक नसली तरी.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅगा खाली आणल्या. तो पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभा होता. मला वाटलं, चावी मागेल.

"पियानोच्या स्टुलाच्या कप्प्यात वह्या होत्या," तो म्हणाला. "गाण्याच्या. वर एका मुलीचं नाव होतं. माझ्यापेक्षा थोडी मोठी. दोराच्या नावेत दिसायची ती. आईने वह्या चुलीत घातल्या."

मी बॅग खाली ठेवली. "काय नाव होतं?"

तो भिंत धरून आत वळायला लागला.

"नाव काय होतं?"

"आठवत नाही."

"आठवतंय तुम्हाला."

त्याने तोंड माझ्या बाजूला केलं, मी जिथे उभी होते त्याच्या जरा डावीकडे. "चावी टेबलावर ठेव," म्हणाला आणि आत गेला. त्याच्या खोलीचं दार लागलेलं मी ऐकलं. मी दोन मिनिटं तिथेच उभी होते. दार ठोठवावं असं मनात आलं. ठोठावलं नाही.

क्रॉयडनला नवी खोली मिळाली. दोनेक महिन्यांनी मुलीचा मेसेज आला: बाबा इस्पितळात आहेत, फाइल पाठव, छापून घ्यायची आहे. मी फाइल पाठवली. तीन वाक्यं तशीच ठेवली, आणि त्यांच्याखाली आणखी एक घातलं होतं, वह्या आणि मुलगी यांच्याविषयीचं, त्याच्याच शब्दांत. मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहिलं: हे मी घातलंय, काढायचं तर तुम्ही काढा.

तिने वाचलं, पण उत्तर दिलं नाही. ते पुस्तक छापलं की नाही, छापलं तर कसं, मला माहीत नाही. तो गेला असेल तर तेही मला कुणी कळवलेलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही.