सातव्या नमुन्याचे तिसरे रीडिंग

नोकरी शोधणाऱ्यांच्या त्या संकेतस्थळावर प्रत्येकाचे एक पान असते. वर फोटो, खाली शिक्षण, त्याखाली अनुभव आणि सर्वांत शेवटी एक चौकट: तुमच्या कामाच्या लिंक जोडा. माझ्या पानावर ती चौकट तीन वर्षे रिकामी होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी करते. सकाळी फाटकावर मोबाइल जमा होतो, दिवसभराच्या तपासण्या वहीत जातात, वही कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे असते. तीन वर्षांत हजारो सह्या केल्या असतील, पण बाहेरच्या माणसाला दाखवता येईल असा एकही कागद माझ्यापाशी नव्हता.

मग पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत, भूजलावर काम करणाऱ्या गटात, प्रकल्प सहायकाची जागा निघाली. वयाची अट पाहता ती माझी शेवटची संधी होती. अर्जाबरोबर व्यावसायिक पानाचा पत्ता मागितला होता, आणि त्या पानावर उमेदवाराचे स्वतःचे किमान एक काम लिंक उघडून वाचता आले पाहिजे, अशी अट होती.

स्वतःचे म्हणावे असे काम मी एकच केले होते. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी पोलादपूर तालुक्यातल्या बारा बोरिंगच्या पाण्यातले लोह मोजले. प्रत्येक बोरिंगचे पाणी हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, असे तीनदा. पोलादपूरला मामाकडे राहून एसटीने आणि पायी फिरले. पिशवीत बाटल्या, बाटलीत आम्लाचे दोन थेंब, गळ्यात वही. प्रयोगशाळेत त्या पाण्यात अभिकारक घातला की नारिंगी रंग चढे. लोह जितके जास्त, तितका गडद. कलरीमीटरची सुई थांबली की मी आकडा लिहून घेई, आणि दरवेळी वाटे, या क्षणापर्यंत ही गोष्ट जगात कोणालाही ठाऊक नव्हती.

प्रबंधाच्या दोन प्रती बांधल्या. एक कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, दुसरी आमच्या महाडच्या घरी राहिली. दोन्ही तळमजल्यावर होत्या आणि दोन्ही पुरात गेल्या. मार्गदर्शक सरांच्या सह्या असलेली प्रयोगवही कॉलेजातच होती, तीही गेली. पुरानंतर आई-बाबांनी पोलादपूरला बिऱ्हाड हलवले आणि मी बिरवाडीत भाड्याची खोली घेतली. मामाकडच्या ट्रंकेत माझे कच्चे कागद तेवढे उरले होते. ते आणून मी चार रविवार बसून सगळा प्रबंध पुन्हा टाइप केला, कागदपत्रे फुकट ठेवून घेणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवला आणि त्याची लिंक त्या चौकटीत टाकली. निळी ओळ उमटली. दाबली, पान उघडले. बंद करून पुन्हा दाबली.

मुलाखतीचे बोलावणे आले. समोर तीन जण होते. प्रश्न विचारत होत्या त्या एक ज्येष्ठ संशोधिका. पहिली पंधरा मिनिटे मी चांगली उत्तरे दिली, हे मला अजूनही खात्रीने सांगता येते. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर दोन पाने शेजारी-शेजारी होती. डावीकडे माझा प्रबंध. उजवीकडे तोच प्रबंध, पण शीर्षकात पोलादपूरऐवजी महाड, बारा गावांच्या जागी दुसरी बारा गावे आणि माझ्या नावाच्या जागी दुसऱ्या एका मुलीचे नाव. कोष्टकांतले आकडे शेवटच्या दशांशापर्यंत तेच होते.

"यातलं आधीचं कोणतं?" त्यांनी विचारले.

"माझं."

"तारखा उलट सांगताहेत. त्यांचं दोन वर्षांपूर्वी चढवलेलं आहे, तुमचं गेल्या महिन्यात."

मी पुराचे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. बहुधा प्रत्येक उमेदवाराकडे एखादा पूर असतो.

"आठ दिवस देते," त्या म्हणाल्या. "मूळ काम तुमचं आहे हे दाखवणारी एक गोष्ट आणा. एकच पुरे."

परतीच्या बसमध्ये मी मनात यादी केली. बांधीव प्रत नाही, प्रयोगवही नाही. गुणपत्रिकेवर विषयाच्या जागी नुसते 'प्रकल्प' आहे. कच्च्या कागदांवर तारखा नाहीत. ते मी काल उतरवून काढले, असे कोणीही म्हणू शकते. राहिली मूळ फाईल. प्रबंध टाइप झाला होता महाडात, कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. फाईल तिथे असेल, तर तिच्यावर तारीख असेल.

दुकानाचे काका मला पाहून खूश झाले. जुना संगणक शाबूत होता. पुराच्या दिवशी त्यांनी तो माळ्यावर चढवला होता. बायकोचे शिवणयंत्र खाली राहिले आणि बुडाले, त्यावरून अजून घरात बोलणी बसतात, असे त्यांनी हसत सांगितले. त्या पाच मिनिटांत मनातल्या मनात मला पुण्याची जागा मिळालेली होती. मग त्यांनी फाईल उघडली. पहिल्या पानावर त्या दुसऱ्या मुलीचे नाव होते.

"ही नको काका, माझी उघडा."

"हीच तुझी."

मला कळेना. काकांनी समजावून सांगितले, आणि त्यात काही लपवण्यासारखे आहे असे त्यांच्या आवाजात कुठेही नव्हते. दरवर्षी मुले येतात, प्रोजेक्ट मागतात. चांगले जमलेले एखादे ते जपून ठेवतात. नवा विद्यार्थी आला की ते उघडायचे, नाव बदलायचे, गावे बदलायची, छापायचे आणि बंद करायचे. दरवेळी वेगळी प्रत कशाला ठेवायची, म्हणाले, घोळ होतो.

"तुझं प्रोजेक्ट म्हणजे सोनं होतं," ते म्हणाले. "चार जण पास झाले त्याच्यावर. शेवटची ती."

"पण काका, ते माझं होतं."

"आणि तुझं दुसरं प्रकरण कुठून आलं होतं गं? मीच दिलं होतं ना काढून?"

त्यांनीच दिले होते. तपासणीच्या पद्धतीचे ते संपूर्ण प्रकरण आमच्या आधीच्या वर्षाच्या कोणाचे तरी होते. मी त्यातला शब्दही बदलला नव्हता आणि ते कोणाचे, हेही विचारले नव्हते. पद्धत तर सर्वांचीच असते, असे तेव्हा मी स्वतःला सांगितले होते. फाईलवरची तारीख त्या मुलीच्या वर्षाची होती. माझ्या नावाचा त्या यंत्रात कुठेही मागमूस नव्हता. चार वेळा माझ्यावरून कोणीतरी लिहून गेले होते.

आमचे मार्गदर्शक सर तासिकेवर शिकवायचे. आता दुसऱ्या जिल्ह्यात असतात. त्यांना फोन केला. मी त्यांना आठवत होते, आकड्यांसाठी भांडणारी म्हणून. पत्र द्यायला मात्र त्यांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण बिनतोड होते: दोन्ही प्रबंधांवर त्यांचीच सही होती. एक खरा म्हटला, तर दुसऱ्यावर सही कशी केली, ते सांगावे लागणार.

त्या मुलीचा नंबर तिच्याच पानावर होता. ती नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि ती नोकरी तिला या लिंकमुळे मिळाली, हे तिनेच मला सांगितले. बारापैकी एकाही बोरिंगवर ती गेली नव्हती.

"मला कुठं माहीत होतं ताई, ते कुणाचं आहे?" ती म्हणाली. "काकांच्या कम्प्युटरवर होतं. मला वाटलं, ते दुकानाचंच असतं."

लिंक काढशील का, असे विचारले. ती म्हणाली, आता काढली तर ऑफिसात विचारतील, का काढली. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. म्हणून मी फोन ठेवला.

उरली माणसे. ज्यांनी मला पाणी भरताना पाहिले, त्यांपैकी कोणी मला ओळखले तर निदान एक साक्ष होईल. सहाव्या दिवशी रजा टाकून मी पोलादपूरहून निघाले. कापडे गावाच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एक वाडी आहे. माझा सातवा नमुना तिथला. बोरिंगच्या समोरच्या घरातल्या मावशी ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला काही बोलावेच लागले नाही.

"तूच ना गो ती, बाटल्यांवाली?"

इतक्या दिवसांत त्या बाटल्यांवरून मला कोणी ओळखल्याचा तो पहिला प्रसंग. माझे डोळे भरून आले. मावशींनी आत बोलावले, चहा टाकला. मी काय अडचण आहे ते सांगितले. त्यांना प्रबंध कळला नाही, पण आपले काम दुसऱ्याच्या नावावर गेले, हे लगेच कळले. साक्ष द्यायला त्या एका पायावर तयार होत्या.

"कुनाला सांगायचं ते सांग, मी सांगते. फोनवर सांगते. दोनदा आलीवतीस. येकदा थंडीत, येकदा उन्हाळ्यात. पावसात येनार बोललीस, पन आली नाय. दरड आलीवती ना तवा, कशी येशील? मी आपली वाट बगितली."

त्यांच्या हे ध्यानात राहिले होते. माझ्याही होते; फक्त इतकी वर्षे मी त्या कोपऱ्याकडे पाहिले नव्हते. त्या पावसाळ्यात आंबेनळीचा रस्ता बंद झाला, पुढे परीक्षेची घाई आली, आणि रस्ता उघडल्यावरही मी वाडीवर गेले नाही. बारा गुणिले तीन, छत्तीस रीडिंग. कोष्टकात पस्तीस भरली होती आणि एक चौकोन रिकामा होता. रिकामा चौकोन वाईट दिसतो. पहिल्या दोन रीडिंगची सरासरी काढून मी तो भरला.

मावशींनी कप पुढे केला. चहा काळपट होता. "काय निघालं मग आमच्या पान्यात? सांगीन बोललीवतीस."

"लोखंड आहे, मावशी. असायला हवं त्यापेक्षा जास्त."

"ते तर आमाला म्हाईत हाय. च्या काळा होतो, धुतलेली कापडं पिवळी पडतात." त्यांनी पदराचे टोक दाखवले. "मला वाटलं, तू काय येगळं सांगशील."

मी चहा संपवला. त्यांचा नंबर त्यांनी स्वतःहून लिहून दिला, पुण्याच्या बाईंसाठी.

बिरवाडीला परत आले तेव्हा उजेड होता. ट्रंकेतले कागद जमिनीवर पसरले. सातव्या नमुन्याची ओळ: दोन आकडे निळ्या शाईत, तिसरा काळ्या. मग त्या मुलीची लिंक उघडून तिचे सातवे गाव पाहिले. तिसरा आकडा तिथेही तोच होता, पहिल्या दोहोंची बरोबर सरासरी, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत. निसर्ग इतका नेमका मध्यावर उभा राहत नाही. बाकीच्या अकरा ओळींत असे कुठेही घडलेले नव्हते.

हाच तो पुरावा होता. दोघींच्या प्रबंधांत हा आकडा सारखाच होता, पण तो कोष्टकात कसा आला, हे मूळ लिहिणारीलाच सांगता येणार होते. दरड कधी पडली, रस्ता कधी बंद होता, हे सरकारी दप्तरात सापडेल. मावशी फोनवर सांगतील की मी दोनदाच आले होते. कोणत्याही समितीला पटेल अशी ती साखळी होती, आणि तिची प्रत्येक कडी खरी होती. बाईंनी एकच गोष्ट मागितली होती. ती माझ्या हातात होती, आणि ती दाखवायची तर पाण्याचा आकडा बनवणारी मुलगी पाण्याच्या आकड्यांवर काम करायला मागते आहे, हेही त्याच ओळीत दाखवावे लागत होते.

सातव्या दिवशी मी तो मेल लिहिला. चांगला लिहिला, मुद्दे क्रमाने, कोष्टक जोडलेले. आठव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाटकावरून मोबाइल मागून घेतला, तो मेल पुसला आणि एक ओळ पाठवली: पुरावा उपलब्ध नाही. तिथेच उभ्या उभ्या स्वतःच्या पानावर जाऊन लिंक काढली. संकेतस्थळाने विचारले, नक्की? मी होय म्हटले.

प्रामाणिकपणाने काही वाचले असते का, याचा विचार मी पुष्कळ केला. बाईंनी कदाचित माफही केले असते. पण मग तो आकडा माझ्या नावावर कायमचा लागला असता. आता तो त्या मुलीच्या नावावर आहे, आणि तिला तो खोटा आहे हे माहीतही नाही. ही वाटणी मी हिशेबाने केली, आणि त्या वाटणीबद्दल मला काही चांगले वाटत नाही. पुण्याहून उत्तर आले नाही. जागा भरली गेल्याचे महिन्याभराने संस्थेच्या पानावर दिसले.

माझी चौकट पुन्हा रिकामी आहे. दर सोमवारी संकेतस्थळ आठवण करून देते की कामाच्या लिंक जोडल्यास पान अधिक पाहिले जाते. तिची लिंक आहे तशीच आहे. कधीकधी मी ती उघडते. तिच्या यादीत सातवा नमुना वाडीचा नाही. काकांनी गावे बदलली तेव्हा त्या जागी बिरवाडी आली: बाजाराजवळचे बोरिंग. आमच्या खोलीवरची टाकी त्याच बोरिंगवर भरते. त्या पाण्यात खरोखर किती लोह आहे, हे कोणीही मोजलेले नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाहेरचा नमुना चालत नाही आणि दुसरी प्रयोगशाळा माझ्यापाशी नाही.

सकाळी चहा गाळला की मी कप खिडकीशी नेऊन रंग पाहते. कधी काळपट वाटतो, कधी नाही.