दगडांत शिरलेलं तरस

प्रफुल्ल मेश्राम नवा रायपूरला एका प्राणिसंग्रहालयात जनावरं सांभाळतो. गेल्या मार्चमध्ये त्याला अरवलीच्या डोंगराळ भागातून तरसाची एक मादी आणायला पाठवलं. ट्रकच्या धडकेनं तिचा पाय वाकडा झाला होता. तिला परत रानात सोडता येणार नव्हतं.

ती जिथं राहायची, ती जागा तिथल्या रखवालदारानं त्याला दाखवली. तांबूस, उघडे डोंगर. पानं गळालेली खुरटी झाडं, थोर-निवडुंगाची जाळी, कोरड्या नाल्यात उभी नीलगाय. एका कपारीखाली बीळ होतं, दाराशी पांढरी पडलेली हाडं. प्रफुल्लनं आत हात घातला. बाहेर ऊन भाजत होतं अन् आत गारवा.

रायपूरचा पिंजरा सपाट होता. हिरवळ, कोपऱ्यात सिमेंटची खोली. मादी दिवसभर जाळीच्या कडेनं लंगडत फिरायची. जमिनीवर चर पडला. मांस तसंच राहायचं.

घरी प्रफुल्लचंही मन लागेना.

"ताटावरून तीनदा उठले," बायको भावना म्हणाली. "काय होऊन राहिलं तुमाले?"

"ते तरसाची पोट्टी उपाशी आहे न."

जनावरांची डॉक्टर क्षमा हिनं मादीला तपासून सांगितलं, "भैया, बीमारी नहीं है. उसको ये जगह जम नहीं रही."

प्रफुल्लनं संग्रहालयाच्या साहेबांकडे पिंजऱ्यात रचायला दगड मागितले. भार्गव साहेब हसले. "लोक तिकीट काढून दगड पाहतील?"

"आठ दिवस द्या साहेब. नाही जमलं, तर मीच उचलतो."

रस्त्याच्या कामातून निघालेले धोंडे त्यानं ट्रॅक्टरनं आणले अन् खाली पोकळी ठेवून रचले. मादीनं हुंगलं अन् परत जाळीकडे गेली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. प्रफुल्ल दर तासाला जाऊन पाहायचा.

पाचव्या दिवशी दुपारी पिंजरा रिकामा दिसला. पळाली की काय? त्यानं सगळी जाळी चाचपली. मग वाकून पाहिलं, तर धोंड्यांपुढे ताज्या मातीचा ढीग, अन् आत अंधारात दोन डोळे. तिनं बीळ आणखी खोल उकरलं होतं. दुसऱ्या दिवशी मांस संपलेलं होतं.

"पिंजरा खाली है," जनावर दिसत नाही म्हणून लोकांच्या अशा तक्रारी आल्या. साहेब कुरकुरले, पण दगड राहू दिले.

तरी प्रफुल्ल सुट्टीच्या दिवशीही पंडरीहून संग्रहालयाची बस धरतो.

"आता खाते न ते? मग काहून जाता?" भावनानं परवा विचारलं.

"तिथं चहूकडे डोंगर होते," तो चप्पल घालत म्हणाला. "इथं आपण एक ढीग टाकला."