पासष्टावं पान दोनदा

जालन्यातून आम्ही दोघं एक त्रैमासिक काढायचो. मी शाळेत मराठी शिकवायचो, सहसंपादक कॉलेजात. त्यामुळे साहित्यातलं आपल्यालाच जास्त कळतं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. दर रविवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत बैठक. टपालाने आलेल्या कविता मी वाचून दाखवायच्या आणि त्यांनी डोळे मिटून निकाल द्यायचा. कविता समजली की म्हणायचे, "सपाट आहे." नाही समजली की, "ठेवा, यात काहीतरी आहे." कुंभार पिंपळगावच्या एका बाईंनी बाजाराच्या दिवसावर आठ स्वच्छ ओळी लिहिल्या होत्या. त्या साभार परत गेल्या. मी चिडायचो, वाद घालायचो आणि शेवटी आत चहा सांगायचो.

नव्वदच्या पुढेमागे तीर्थपुरीकडच्या एका तरुण शेतकऱ्याची पहिलीच कादंबरी अभिप्रायासाठी आली. एकच प्रत होती, ती सहसंपादक घरी घेऊन गेले. महिन्याभराने पुस्तक आणि चार पानी परीक्षण दोन्ही माझ्या हातात. लेखकाने तेच प्रसंग शब्दशः दोनदा सांगून काळाला गोल फिरवलं आहे, बहिणीचा मृत्यू न दाखवता थेट तेराव्यावर येऊन मौनाला बोलतं केलं आहे, वगैरे. मला ते भारी वाटलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासून मी परीक्षण छापायला दिलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

अंक निघाल्यावर एका रविवारी लेखक स्वतःच आला. अंक मांडीवर ठेवून तो बसला.

"सर, लई चांगलं लिहिलं तुम्ही," तो सहसंपादकांना म्हणाला. "पन मला एक समजून न्हाई राह्यलं. म्या तर समदं एकदाच लिहिलं. आन् बहिनीचं मरन लिहिलंय की. चांगली सोळा पानं."

मी कपाटातली प्रत काढली. ऐंशीव्या पानानंतर पुन्हा पासष्टावं, आणि ती सोळा पानं दुसऱ्यांदा संपली की एकदम सत्त्याण्णव. बाइंडरने सोळा पानांचा एक गठ्ठा, म्हणजे फर्मा, दोनदा लावून पुढचा गाळला होता. आकडे प्रत्येक पानाखाली छापलेले होते. काळाला गोल फिरताना पाहणाऱ्या माणसाला ते दिसू नयेत?

मी प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, पानं पुढे-मागे केली आणि म्हणाले, "तरीसुद्धा, रचना म्हणून ही पुनरुक्ती..."

"गप्प बसा हो," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

लेखक मात्र चिडला नव्हता. तो माझ्याकडे वळला. "आन् तुम्ही, सर? तुम्ही वाचली आसंल ना?"

मी ते पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण ती एकुलती एक प्रत माझ्याच हातात होती.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली.

"आमच्या घरी वाचनारं कोनी न्हाई," तो म्हणाला. "म्या काहीबी लिहिलं की बहीनच वाचायची. ती गेली, मंग म्हनलं छापावं. म्हंजे कोनीतरी वाचंल."