भावंडांचा रेट

कुवेतला, मिरकाबमधल्या आमच्या ऑफिसात लंचला एकत्र बसणाऱ्यांमध्ये पाळणाघराचे किस्से साठतच जातात. ज्याच्या घरी लहान मूल, त्याच्याकडे एक तरी असतोच. बहुतेक हसण्यासारखे असतात. माझे मी सहसा सांगत नाही.

पहिला साधा आहे. माझी बहीण अमेरिकेत असते. पाळणाघराच्या खर्चावर तिला टॅक्समध्ये सूट मिळते. मी आमच्या एचआरच्या बाईंना विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का? त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, इथे टॅक्सच नाही. सूट कशातून देणार?"

मग बचतीची वाट आमची आम्हीच शोधली.

*

नीलिमा पुण्याची, आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आयटीत. तिचा अर्णव चार वर्षांचा, माझी इरा तीन. दोघांना हवल्लीत रुख्साना खालांकडे ठेवायचं ठरलं. खाला रत्नागिरीच्या, राहत्या फ्लॅटमध्येच मुलं सांभाळतात.

फी ऐकून आमचे चेहरे उतरले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "दोगांना एकत्र आणा. भावंडांचा रेट लावते."

मुलांच्या डोक्यांवर हात ठेवून त्यांनी गमतीनं सांगितलं, "आजपासून तुमी भाऊ-बहीण."

महिन्याचं वाणसामान निघेल एवढे दिनार वाचले. आम्ही दोघींनी त्या दिवशी आइस्क्रीम खाल्लं.

*

आम्ही लातूरकडचे. शेंगदाण्याची चटणी म्हणजे इराचा जीव की प्राण. एका शुक्रवारी तिनं ताट सरकवलं. "आय कान्ट, आई. तोंड सुजतं."

मी नखरे समजून घास भरवला. बघता बघता तिचे ओठ सुजले. तसंच उचलून क्लिनिकला नेलं. वेळेत इंजेक्शन मिळालं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "ही ॲलर्जी घरात आणखी कुणाला आहे?"

मी नाही म्हणणार, तोच इरा म्हणाली, "दादाला."

इरा एकुलती एक. अर्णवला मात्र ही ॲलर्जी जन्मापासून आहे.

*

नीलिमा आणि मी घाबरलो. बोललो मात्र दोघी पैशांबद्दलच. खालांना म्हटलं, याच महिन्यापासून दोन पूर्ण फी घ्या, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. त्यांनी ठेवलं.

आठवडाभरानं त्यांनी आम्हाला दुपारीच बोलावलं. मुलं झोपली होती, मध्ये भिंत, दारं बंद. मी इराच्या खोलीत उभी राहिले, नीलिमा अर्णवच्या. खाला पॅसेजमध्ये.

इरा डाव्या कुशीवर वळली. पलीकडून नीलिमाचा आवाज आला, "वळला." पोरीनं हात गालाखाली घेतला. "हात घेतला गालाखाली," नीलिमा म्हणाली.

खालांनी जादा घेतलेले पैसे माझ्या हातात परत ठेवले. "मी रेट लावलेला गो," त्या हळूच म्हणाल्या. "नातं मी नाय लावलं."

*

माझे वडील कोविडमध्ये गेले. विमानं बंद होती, मला जाता आलं नाही. भावानं फोनवर सांगितलं होतं, "अण्णा दुपारी पोटभर जेवले, झोपले आणि झोपेतच गेले." त्या एका वाक्याच्या आधारानं मी इतकी वर्षं काढली.

अण्णा मला बायडे म्हणायचे. कुवेतमध्ये हे नाव कुणालाच माहीत नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

परवा नीलिमा मीटिंगमध्ये अडकली म्हणून खालांकडून दोन्ही मुलांना मीच घेतलं. मागच्या सीटवर इरा पेंगत होती, अर्णव खिडकीबाहेर बघत होता. हा पोरगा मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तो सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"बायडे, त्या दिशी मी जेवलोच नव्हतो गं."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा सिग्नल सुटल्याचं मला कळलं. अर्णवला त्याच्या घरी सोडलं. तो नेहमीसारखा "बाय, आंटी" म्हणून आत पळाला.

घरी आल्यावर लातूरला भावाला फोन लावला. "भाऊ, अण्णा त्या दिवशी जेवले होते ना?"

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"तुला कुणी सांगितलं?" भाऊ म्हणाला.